स्त्रिया, मादक पदार्थ आणि एचआयव्ही



हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही असे पुष्कळांस वाटेल. शाळेत आरोग्याचा तास घेताना मीही हे पान भरभर उलटीत असे. आज तो धडा नीट घेऊ.

एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, रक्तातून व शरीरसंबंधातून जातो. गर्द शिरेत टोचताना थोडे रक्त पिचकारीत ओढले जाते व तेथेच राहते. थंड जागी अशा पिचकारीत विषाणू सहा आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला आहे. बाधिताची सुई एकदा वापरली तर लागण होण्याचा संभव दहा हजारांत सुमारे ६३. बाधित पुरुषाशी आलेल्या एका संबंधात स्त्रीला तो सुमारे ८. आकडे लहान दिसतात, परंतु गर्दुल्ला दिवसातून अनेकदा टोचतो. गुणाकार वाचकांनी करावा.

स्त्रीला टोचून घ्यायला बहुधा नवरा किंवा मित्रच शिकवितो. माल तो आणतो, सुई तो भरतो आणि आधी स्वतःला टोचतो. आपल्याकडे बाई शेवटी जेवायची, तसलाच हा प्रकार. वेगळी सुई मागावी तर ‘माझ्यावर विश्वास नाही?’ हा प्रश्न. पैसे संपले की देह विकण्याची पाळी कित्येकींवर येते, आणि गिऱ्हाईक निरोध नको म्हणाले तर तलफ आलेली बाई वाद घालीत नाही. कोकेन ओढणारीला किंवा दारू पिणारीला सुई लागत नाही, तरी ही वाट उघडीच राहते.

आणि जिने कधीच काही टोचले नाही ती? मणिपुरात १९९० साली टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही आढळला. ब्रह्मदेशातून येणाऱ्या हेरॉईनला तेथे ‘नंबर फोर’ म्हणत. चुराचांदपूर हे नाव आपण बने मनाशे शेजाऱ्यांकडून ऐकले असेल. तेथील बाधित पुरुषांच्या, स्वतः न टोचणाऱ्या बायकांची तपासणी झाली. जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. त्या फक्त संसार करीत होत्या.

धाकाने हे थांबते काय? एडिनबरोत १९८० नंतर पोलीस सुया जप्त करू लागले, दुकानांत त्या मिळेनाशा झाल्या. टोचणे थांबले नाही. एक सुई अनेकांत फिरू लागली. १९८६ साली तेथील एका दवाखान्यात तपासलेल्या हेरॉईन घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के बाधित होते. ॲमस्टरडॅममध्ये मात्र १९८४ पासून जुनी सुई देऊन नवी मिळू लागली. मणिपूर सरकारनेही १९९६ साली हाच मार्ग धरला. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला. सरकारने सुया वाटायच्या म्हणजे काय! परंतु एडिनबरोचा आकडा विसरता येत नाही. तोंडाने घ्यावयाचे मेथाडोन मिळाले तरी टोचणे पुष्कळ कमी होते.

अडचण एवढीच की अशा केंद्रांत पुरुषांचीच गर्दी, आणि मुले काढून नेतील या भीतीने आई तेथे पाऊल टाकीत नाही. गरोदर असली तर अधिकच लपते. वास्तविक तिनेच आधी यावे. उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के असतो. १९९४ साली झिडोव्हुडिन या औषधाने तो दोन-तृतीयांश कमी झाल्याचे दिसले, आणि आज वेळेवर गोळ्या सुरू केल्यास तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो. रोजच्या गोळ्यांनी रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका उतरून तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास लागत नाही.

तपासणी कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे मागता येते. मावशीबरोबर किंवा नणंदेबरोबर गेले तरी चालते.