मोबाइलमध्ये चोर शिरल्याची शंका : शिक्षकाने काय करावे?

उद्देश.— शिक्षकाचा मोबाइल आता केवळ त्याच्या घरचा राहिलेला नाही. मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे क्रमांक असे शाळेचे पुष्कळसे दप्तर त्यात असते. गुरुजींच्या किंवा बाईंच्या नावाने पैशाची मागणी आली, तर पालक ती खरी मानतात. गावाचा हा विश्वासच चोराचे भांडवल होय. यास्तव शंका आल्यास ती कशी तपासावी, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे.

शंकेची परीक्षा.— फोन तापणे, मंद चालणे, बॅटरी लवकर उतरणे ही जुन्या फोनाचीही लक्षणे आहेत. तेवढ्याने घाबरू नये. पुढील चिन्हे मात्र गंभीर समजावीत :
(१) न मागता ओटीपी येणे;
(२) आपण न लिहिलेले संदेश आपल्या नावाने जाणे;
(३) आपण न घेतलेले अ‍ॅप दिसणे;
(४) इतरांना रेंज असता आपलेच सिम अचानक बंद पडणे.

चोर कसा शिरतो.— मालकाने काहीही न उघडता फोनात शिरणारी पेगाससासारखी महागडी साधने जगात आहेत. परंतु सामान्य चोरास त्यांची गरज पडत नाही. तो आपणाकडूनच दार उघडवून घेतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल येते. ते चित्र नसून अ‍ॅप असते. ते संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी चोरास मिळतो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिल्यास त्यास पडदा दिसतो व बटणेही दाबता येतात.

उपायांचा क्रम.—
१. फोन एरोप्लेन मोडवर टाकावा; वायफाय बंद असल्याची खात्री करावी.
२. पैसे गेले असल्यास दुसऱ्याच्या फोनवरून तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे.
३. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, विश्वासाच्या फोनवरून बदलावेत.
४. संशयित संदेश व क्रमांक यांची छायाचित्रे पुराव्यासाठी ठेवावीत.
५. अनोळखी अ‍ॅप काढावे. ते निघत नसल्यास आवश्यक माहिती दुसरीकडे ठेवून फॅक्टरी रीसेट करावे.
६. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहून परकी उपकरणे काढावीत. कॉल दुसरीकडे वळविले असल्यास ##००२# लावून ते रद्द करावेत.

लाज बाळगू नये.— शिकलेला माणूस फसला म्हणून लोक हसतील, या भीतीने पुष्कळजण गप्प राहतात. त्यात मोलाचा वेळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसानही, बँकेस खबर दिल्यानंतरचे असेल तर, बँकेवर टाकले होते. खबर देण्याच्या घटिकेस किती महत्त्व आहे, हे यावरून दिसते. त्याचप्रमाणे, “माझ्या नावाने आलेली पैशाची मागणी खरी मानू नये,” असे पालकांना त्याच दिवशी सांगावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, उलट राखला जातो.

वर्गातील अभ्यास.— इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांस फळ्यावर दोन नावे लिहून द्यावीत : ‘पत्रिका.जेपीजी’ व ‘पत्रिका.एपीके’. यांतील चित्र कोणते व अ‍ॅप कोणते, ते ओळखावयास सांगावे. मग विचारावे : लग्नाची पत्रिका आपले संदेश वाचण्याची परवानगी कशासाठी मागेल? मुले उत्तर शोधतील, आणि तेच घरी जाऊन आईवडिलांनाही विचारतील.