मदात्ययाचा परतणारा रुग्ण आणि वैद्याची करुणा

महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यावर वैद्य म्हणून काम करणाऱ्यांत बीएएमएस पदवीधरांची संख्या मोठी आहे, म्हणून हा विषय आपल्या घरचाच होय. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात तोच मद्यपी रुग्ण महिन्यात तिसऱ्यांदा उचलून आणावा लागला, की प्रथम स्वर कठोर होतो, मग तपासणी उरकली जाते. मद्याचा वास आला की डोक्याचा मार पाहावयाचा राहतो. ही करुणेची झीज आहे. रोज दुसऱ्याचे दुःख वाहणाऱ्या मनाला ती अपेक्षितच आहे. मात्र तिचा भार रुग्णावर पडतो.

अशा वेळी 'उपेक्षा' या शब्दाचा आधार घेतला जातो. चरकाचार्यांनी वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथे 'प्रकृती' म्हणजे मरण, असा अर्थ चक्रपाणी घेतात. मरणोन्मुखासाठी सांगितलेली वृत्ती पुन्हा पिऊन आलेल्या तरुणाला लावणे हा अर्थाचा विपर्यास आहे.

उलट मद्य सोडून पुन्हा एकाएकी अतिमद्यपान करणाऱ्यास होणारे ध्वंसक व विक्षय हे विकार चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात स्वतंत्रपणे वर्णिलेले आहेत. शब्द सहन न होणे, तंद्रा, संमोह, छर्दी ही त्यांतील काही लक्षणे. दुर्बल देहात होणारे हे विकार दुश्चिकित्स्य मानले आहेत. म्हणजे व्यसनाकडे परतणे हा आचार्यांच्या दृष्टीने चिकित्सेचा विषय आहे. समाज मात्र आजही त्याला केवळ निर्लज्जपणा म्हणतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या, तरी गावातील भाषा बदललेली नाही. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णमित्रच कार्यकर्ते झाले, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याने बरा झालेला माणूस रोज पाहिला, त्याची उमेद सहसा आटत नाही. रुग्णवाहिकेवरील वैद्याला तो कधीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला फक्त पडलेला माणूस येतो. सोडलेल्या रुग्णाची पुढील खबर त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची सोय तालुक्यातील वैद्यांनी, रुग्णाच्या संमतीने, करावी असे आम्हांस वाटते.

अहितकर सवय पादांशाने सोडण्याचा क्रम सूत्रस्थानात आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके व भ्रम येऊ शकतात. घरच्यांनी 'कोंडून ठेवतो' म्हटल्यास वैद्याने ते थांबवावे. कंप, भ्रम वा झटका दिसताच जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसाठी एक गोष्ट. आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो. मद्य सोडलेल्याने अशक्तपणासाठी द्राक्षासव वा अश्वगंधारिष्ट मागितल्यास त्याऐवजी चूर्ण, घृत किंवा वटी सुचवावी. तो डायसल्फिरामच्या गोळ्या घेत असेल, तर मद्यांशामुळे तीव्र त्रास संभवतो. अशा वेळी बाटली हातात देऊच नये.