पावसाचा जमाखर्च

‘आमच्याकडे पाऊसच कमी, म्हणून पाणी पुरत नाही’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. ते कितपत खरे आहे? चला, वही-पेन्सिल घ्या. आपण हिशेबच मांडू या.

एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की तेथे बरोबर एक लिटर पाणी पडते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी.

आता अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव घेऊ. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. गावाचे क्षेत्रफळ १,००० हेक्टरांहून थोडे कमी आहे. सोयीसाठी १,००० धरू. गुणाकार करा. उत्तर येते ४०० कोटी लिटर!

गावाची वस्ती सुमारे सव्वा हजार. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला लागते अडीच कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पावसाचा केवळ एकशेसाठावा भाग. गुरांचे पाणी मिळवले तरी आकडा फार वाढत नाही. मग उन्हाळ्यात गावे तहानलेली का राहतात?

पाणी जाते कोठे?

पावसाचे बरेचसे पाणी वाफ होऊन हवेत जाते. काही मातीत ओल म्हणून राहते व पिके ती वापरतात. काही ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्पंजासारखा नाही. त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरातच काय ते पाणी साठते. दहा लिटर पाऊस पडला तर साधारण एखादा लिटर भूजलाला मिळतो, असे ढोबळ मानाने धरता येईल. म्हणजे आपल्या हिशेबात ४० कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू पाहा. उसाला साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा घेतला तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर! सव्वा हेक्टर, म्हणजे सुमारे तीन एकर ऊस, साऱ्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती वापराइतके पाणी पितो. पिकावर थेट पडणारा पाऊस वजा केला, तरी पंचवीस हेक्टर उसात गावाचे जवळजवळ सगळे भूजल संपून जाईल.

हवा तापली की हिशेब बिघडतो

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत आहे आणि पृथ्वी तापत आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. हे बाष्प पुढे एकदमच मोठ्या सरींच्या रूपाने कोसळते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ साली दिसून आले.

वर्षाची बेरीज तीच राहिली, पण पाऊस चाळीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांत पडला, तर काय होईल? जमिनीला पाणी मुरवायला उसंत मिळणार नाही. माती घेऊन पाणी वाहून जाईल, आणि मधल्या कोरड्या दिवसांत पिके माना टाकतील.

विहीर एकाची, पाणी कोणाचे?

जमिनीवर बांध असतात, जमिनीखाली नसतात. एकाने खोल बोअर घेतली, की शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी उतरू शकते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आणखी खोल जातो. ज्याला शेतच नाही, त्याच्या घरची बाई किंवा मुलगी हंडा घेऊन लांब चालत जाते. तिची शाळा बुडते. म्हणून पाण्याचा प्रश्न हा हक्काचाही प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पिण्याचे पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. २०२४ साली माळढोक पक्ष्यासंबंधीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्कही मान्य केला.

पण हक्काचे पाणी घागरीत कसे येणार? त्यासाठी गावात एक जागा आहे : ग्रामसभा. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान मिळाले. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक गावकरी तिचा सभासद असतो. त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही. पन्नास एकरवाला आणि भूमिहीन मजूर यांचे मत तेथे सारखेच.

हिवरे बाजारने हेच केले. श्री. पोपटराव पवार सरपंच असताना, १९९० नंतरच्या वर्षांत, गावाने श्रमदान करून डोंगरउतारावर समतल चर खोदले, बंधारे घातले. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूसाठी ग्रामसभेने नियम केले : शेतीसाठी बोअर घ्यायची नाही; ऊस, केळी यांसारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत; कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची. पुढे दरवर्षी पावसाचा आकडा व विहिरींची पातळी पाहून पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्याची पद्धत पडली. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर पिकांना कात्री.

एका गावाच्या ठरावाने पृथ्वीचे तापमान उतरणार नाही, हे खरे. पण आकडा सर्वांसमोर वाचला गेला, की ‘पाणी कोठे गेले?’ असे कोणालाही विचारता येते. टंचाईचा भार एकट्या गरिबावर टाकणे मग सोपे राहत नाही.

करून पाहा

तुम्हाला अजून मत नाही, पण मोजता नक्की येते. सरळ बाजूंची, सपाट बुडाची काचेची बरणी घ्या. झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी ती पक्की बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा व बरणी रिकामी करा. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजा. हंगामाच्या शेवटी एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस यांचा तक्ता करा आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगून तो ग्रामसभेत वाचून दाखवण्याची परवानगी मागा.

विचार करा

१) तुमच्या शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल आणि ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर किती लिटर पाणी पडेल?
२) आपल्या उदाहरणातील गावात एखाद्या वर्षी २५० मिलिमीटरच पाऊस झाला. ग्रामसभेने कोणता खर्च आधी कमी करावा? का?
३) तुमच्या गावात सर्वांत आधी कोणाची विहीर आटते? सर्वांत शेवटी कोणाची?

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर : ८०,००० लिटर. उरलेल्या दोहोंची उत्तरे तुमच्या गावातच मिळतील.)