पायी नगरदर्शन आणि मोबाईल ॲप : बालाघाटच्या निमित्ताने एक पाठ

वैनगंगेच्या काठी वसलेले बालाघाट हे मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण होय. मराठवाड्यातील बालाघाट डोंगररांगेशी त्याची गल्लत होऊ नये. भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली हा जिल्हा निर्माण करण्यात आला. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. हे नाव मूळचे जिल्ह्याचे; गावाचे जुने नाव बुऱ्हा असे होते. कालांतराने ते मागे पडले आणि जिल्ह्याचेच नाव गावाला लाभले.

गावाचे नाव जर असे विस्मरणात जाते, तर गावातील हकीकतींची काय कथा! बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची अरुंदमापी रेल्वे २०१५ साली बंद झाली व तेथे रुंदमापी मार्ग आला. आज प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाने ती छोटी गाडी धावताना पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली, त्यांच्या आठवणी आज मिळवल्या नाहीत तर उद्या मिळणार नाहीत. पायी हिंडणाऱ्या पाहुण्याला आणि गावच्या मुलांना त्या जागच्या जागी ऐकवण्याचे काम मोबाईलवरील ॲप करू शकते. असे ॲप कसे आखावे, याचा विचार येथे केला आहे.

आधी पायपीट, मग यंत्र

ॲप करावयाचे म्हणजे प्रथम संगणकतज्ज्ञ गाठावयाचा, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ साली जुन्या शहरातील वारसा-फेरी सुरू केली, तेव्हा असे फोन नव्हते. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा मार्ग ठरवून दिला आणि वाटाड्या सोबत दिला, एवढ्यावर ती फेरी उभी राहिली. पुढे २०१७ मध्ये त्या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मार्ग आणि हकीकत ही ॲपची खरी सामग्री होय; फोन हा केवळ वाटाड्या.

म्हणून पहिली पायरी अशी, की चार-पाच जणांनी वही घेऊन गाव चालून पाहावे. बालाघाटपुरते बोलावयाचे तर रेल्वे स्थानक, काली पुतली चौक, मोती तालाब आणि वैनगंगेचा काठ ही नावे सहज सुचतात. परंतु सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह कोठे मिळते, रस्ता कोठे ओलांडावा लागतो, म्हातारे माणूस कोठे टेकू शकते, याही गोष्टी वहीत आल्या पाहिजेत. मे महिन्यातील दुपारी जो मार्ग चालवत नाही, तो नकाशावर कितीही सुबक दिसला तरी निरुपयोगी ठरतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. माणूस तासाला साधारण ४ किलोमीटर चालतो. मार्ग २ किलोमीटरचा व थांबे ८ असल्यास चालण्यास ३० मिनिटे आणि प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटांप्रमाणे ४० मिनिटे, मिळून ७० मिनिटे होतात. पहिल्या फेरीस एवढे पुरे.

स्थळनिश्चिती

फोन आपले ठिकाण उपग्रहांच्या संदेशांवरून ओळखतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली ही ओळख सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असते. दाट घरांच्या गल्लीत ती बिघडते. यास्तव प्रत्येक थांब्याभोवती २५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पून, त्यात पाऊल पडताच हकीकत सुरू व्हावी अशी योजना करावी. दोन थांब्यांत ५० मीटरांहून कमी अंतर असल्यास वर्तुळे एकमेकांत शिरतील व चौकाची कथा मंदिरापाशी ऐकू येईल.

अक्षांश-रेखांश नोंदताना दशांश चिन्हापुढे पाच अंक घ्यावेत. पाचवा अंक सुमारे एका मीटरचा फरक दाखवतो. क्रमही सांभाळावा. बालाघाट साधारणपणे २१.८ उत्तर अक्षांश व ८०.२ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे लिहिले गेले, तर तोच बिंदू उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्डच्या हिमभूमीत जाऊन पडतो!

भाषा आणि ध्वनी

चालणाऱ्याची नजर रस्त्यावर असावयास हवी. म्हणून मजकूर वाचण्यापेक्षा ऐकण्याजोगा करावा. एका थांब्यासाठी दोन मिनिटांचे निवेदन पुरेसे आहे. सेकंदाला ६४ किलोबिट या दर्जाचे असे निवेदन सुमारे १ मेगाबाइट जागा घेते. आठ थांबे आणि हिंदी, मराठी व पोवारी अशा तीन भाषा धरल्या, तरी सारे ध्वनिमुद्रण २४ मेगाबाइटांत बसते. ते व नकाशा घरूनच उतरवून घेता आला, तर वाटेत रेंज नसली तरी अडत नाही.

निवेदन डोळ्यांसमोरच्या वस्तूपासून सुरू व्हावे. शहराजवळची भरवेलीची मँगनीज खाण पायी फेरीत बसत नाही. पण मँगनीज पोलादाला बळकटी देते आणि ही खाण चालवणाऱ्या ‘मॉईल’ कंपनीत १९६२ साली सरकारचा वाटा ५१ टक्के झाला, हे रेल्वे स्थानकापाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगता येते.

खरेपणा आणि जबाबदारी

छापील पुस्तकातील चूक वाचकापाशी राहते. ॲपमधील चूक माणसाला प्रत्यक्ष आडवाटेला नेते. म्हणून कागदोपत्री आधार असलेली माहिती आणि ‘असे सांगतात’ या स्वरूपाची आठवण यांत स्पष्ट भेद ठेवावा. आठवणी टाकाऊ नव्हेत. मात्र त्या आठवणी म्हणूनच सांगाव्यात. हे काम शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे. वडीलधाऱ्यांना विचारणे, तारखा पडताळणे, सांगणाऱ्याची संमती घेणे, हा इतिहासाचा प्रत्यक्ष पाठच आहे.

चालणारा कोठे गेला, किती वेळ थांबला, याची नोंद बाहेर पाठवण्याचे कारण नाही. ती फोनमध्येच राहावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही अनावश्यक माहिती न घेण्याकडेच आहे.

चाचणी व निगा

ॲप तयार झाल्यावर ते करणाऱ्यांनीच तपासून भागत नाही. गावात नवख्या असलेल्या व्यक्तीच्या, वयस्क गृहस्थांच्या आणि साधा, जुना फोन वापरणाऱ्याच्या हाती ते द्यावे व त्यांच्या मागून मुकाट्याने चालावे. ती माणसे जेथे थबकतील, तेथे दोष ॲपचा समजावा. भर उन्हात पडदा दिसतो काय, बॅटरी फेरीअखेर टिकते काय, हेही पाहावे.

रस्ते बदलतात, पुतळे हलतात, इमारती पडतात. तेव्हा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, कोणी तरी संपूर्ण मार्ग पुन्हा चालून दुरुस्त्या कराव्यात आणि ही जबाबदारी कोणाची हे आरंभीच लेखी ठरवावे. नगरपालिका, शाळा व ग्रंथालय यांनी ती वाटून घेतल्यास खर्चाचा भारही फारसा होणार नाही. खेडेगावालाही हीच रीत लागू पडते. तेथे आठऐवजी चार थांबे असतील इतकेच. आरंभ करण्यास एक वही, एक पेन्सिल आणि गावातील एखादे जुने, जाणते माणूस पुरेसे आहे.