बर्फाखालचे मासे का गुदमरतात?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. मग आतले मासेही गोठत असतील, असे आपल्याला वाटते. पण पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी राहते आणि हलका बर्फ वर तरंगतो. त्यामुळे मासे जगतात.

खरे संकट प्राणवायूचे! बर्फाच्या झाकणामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत नाही. वर हिमाचा जाड थर साचला की उजेड अडतो आणि पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो. तळाचा पालापाचोळा कुजताना उरलासुरला साठाही संपतो. उथळ तळ्यांत तो मुळातच कमी. म्हणून तेथे मासे आधी गुदमरतात. काही तळ्यांत यंत्राने हवा सोडून थोडे पाणी उघडे ठेवतात. थंडीला दोष देण्याआधी आपण कारण शोधले, तरच उपाय सापडतो.