मळणीची धूळ व मजुराचा श्वास



दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास आपल्या वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही शिवारातून गेले असता एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. सोंगलेल्या सोयाबीनच्या सुडीजवळ मळणीयंत्र घरघरत असते. एकीकडून दाणा पोत्यात पडतो, दुसरीकडून कुटार उडते, आणि त्या धुराळ्यात तोंडाला फडके गुंडाळलेले चार-सहा मजूर उभे असतात. सायंकाळी ते खोकू लागले म्हणजे ‘धूळ गेली असेल’ एवढेच बोलून आपण स्वस्थ बसतो. ही धूळ कोठवर जाते, काय करते व तिला आवर घालता येतो की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम श्वासमार्गाची रचना पाहू. नाकातील केस व ओलसर त्वचा मोठे कण अडवितात. श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम पुढे गेलेले कण कफाबरोबर वर लोटतात. परंतु मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. असल्या ५ मायक्रॉनांहून बारीक कण हा पहारा चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. मनुष्याच्या फुप्फुसांत असे सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. तात्पर्य, डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळ अधिक घातक होय.

मळणीच्या धुळीत केवळ माती नसते. टरफलांचा चुरा, खोडावरील लव, बुरशीचे बीजाणू व जंतूंचे अवशेष तीत मिसळलेले असतात. त्यांपासून होणाऱ्या विकारांपैकी दोन विशेष ध्यानात ठेवावेत. पहिला दम्याच्या जातीचा. यात श्वासनलिका आवळतात व छातीत घरघर होते. दुसऱ्यास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे नाव आहे. १९३२ साली इंग्लंडात कँपबेल नामक वैद्याने बुरसटलेल्या गवतात राबणाऱ्या मजुरांवरून त्याचे वर्णन केले. ओले गवत अथवा धान्य दाबून ठेवले म्हणजे आत ऊब धरते व तीत काही जंतू व बुरशी माजतात. पुढे ती गंजी मोडताना त्यांचे बीजाणू श्वासात जातात. चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला व धाप सुरू होते. दुखणे रात्री येत असल्याने त्याचा संबंध दिवसाच्या कामाशी कोणी जोडीत नाही. हिवताप समजून औषध घेतले जाते. असे वारंवार घडल्यास फुप्फुस कायमचे ताठर बनते.

म्हणूनच इटलीतील रामाझ्झिनी या वैद्यवराने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात रोग्यास त्याचा धंदा अवश्य विचारावा, असा उपदेश केला आहे. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या दुखण्यांचीही त्याने नोंद केली आहे.

आता सोयाबीनचेच एक उदाहरण घेऊ. स्पेन देशातील बार्सेलोना शहरी १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एकाच दिवशी अनेकांना दम्याचे तीव्र झटके येत. कारण कळेना. अखेर त्या दिवसांचा बंदरातील जहाजांशी मेळ घातला, तेव्हा सोयाबीन उतरविण्याचे व झटक्यांचे दिवस जुळले. हा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. बंदरातील कोठाराला धूळ अडविणाऱ्या गाळण्या नव्हत्या. त्या बसविल्यावर साथ ओसरली. रोग्यांना नवे औषध मिळाले नव्हते. धुळीचा उगम बांधला गेला होता. यावरून मळणीवरील प्रत्येकास दमा होतोच असे नव्हे. परंतु ही धूळ निरुपद्रवी नाही, हे निश्चित.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कापसाच्या धुळीपासून होणारा फुप्फुसविकार सरकारास कळविण्याजोग्या रोगांत घातला. परंतु शेत म्हणजे कारखाना नव्हे. म्हणून मळणीवरच्या मजुराचा खोकला त्या नोंदीत आला नाही. तेव्हा त्याची काळजी मळणी करविणाऱ्यानेच वाहिली पाहिजे.

उपाय कठीण नाहीत. सुडी लावण्यापूर्वी पीक नीट वाळवावे. परतीच्या पावसात ती ताडपत्रीने झाकावी. कुटार वाऱ्याच्या दिशेने उडेल असे यंत्र ठेवावे व मजुरांनी वाऱ्याकडे पाठ करून त्याच्या वरच्या अंगास उभे राहावे. यंत्रात पीक लोटणाऱ्याची पाळी बदलीत जावी. फडक्याने बारीक कण अडत नाहीत. नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. दमेकऱ्यास या कामावर घेऊ नये. मात्र हा मास्क फवारणीच्या विषारी वाफेपासून रक्षण करीत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, हे विसरू नये.

मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी यंदाही मळणी होईल. त्या दिवशी वारा कोणीकडचा आहे एवढे आधी पाहा, आणि रात्री कोणास थंडीताप भरला तर डॉक्टरास दिवसाचे काम अवश्य सांगा. दाण्याचा भाव बाजारात ठरतो. पण तो दाणा घरी आणणाऱ्याच्या श्वासाचे मोल आपणच जाणले पाहिजे.