सोन्नलगीचे दर्शन : जाणकाराच्या सोबतीने एक दिवस

सोलापूर हे बहुतेक यात्रेकरूंच्या दृष्टीने वाटेवरचे गाव आहे. अक्कलकोट येथून सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० च्या आसपास. गाणगापूरला जाणारेही याच रस्त्याने जातात. त्यामुळे सकाळी गाडी तलावाकाठी थांबते, श्री सिद्धेश्वरांचे दर्शन होते, प्रदक्षिणा होते, पाण्याकडे पाठ करून कुटुंबाचे एक छायाचित्र निघते आणि अर्ध्या तासात मंडळी पुढच्या क्षेत्राकडे रवाना होतात. यात गैर काही नाही. प्रवासाचे वेळापत्रक सर्वांनाच सांभाळावे लागते. परंतु ज्यांच्या हाती पूर्ण दिवस आहे, आणि जे खाजगी वाहन करून, सोबत एखादा मार्गदर्शक घेऊन शहर पाहू इच्छितात, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मार्गदर्शक निवडताना त्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा : या शहराचे नाव सोलापूर का पडले? ‘सोळा गावे मिळून सोलापूर झाले’ असे उत्तर बहुधा मिळेल. आमच्या पिढीने शाळेतही हेच ऐकले आहे. शिलालेख मात्र निराळे सांगतात. कल्याणीच्या कलचुरी राजवटीतील, म्हणजे बाराव्या शतकातील लेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते; यादवांच्या अखेरीपर्यंत ते ‘सोन्नलगी’ या रूपाने टिकले. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ आहे, किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर किल्ल्यातीलच विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’. पुढे उच्चारात मधला ‘न’ गळला आणि सोलापूर उरले. इंग्रजांनी त्याचे ‘शोलापूर’ केले. मार्गदर्शकाने सोळा गावांची कथा सांगितली म्हणून त्यास लगेच अज्ञानी ठरवू नये. त्यानंतर तो शिलालेखांविषयी काही सांगू शकतो की आपल्याला थेट चादरींच्या दुकानाकडे नेतो, हे पाहावे. सोलापुरी चादर अवश्य घ्यावी, पण ती दिवस संपताना.

दर्शनाचा प्रारंभ मंदिरापासूनच करावा. मात्र गाभाऱ्यात जाण्यापूर्वी क्षणभर तलावाकडे पाहावे. श्री सिद्धरामेश्वर हे महात्मा बसवेश्वर व अल्लमप्रभू यांचे समकालीन शिवशरण. त्यांची कन्नड वचने ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने ओळखली जातात. मुद्दगौडा व सुग्गलादेवी हे त्यांचे मातापिता. परंपरा अशी सांगते, की गुरे राखणाऱ्या बालक सिद्धरामासमोर जंगमाच्या रूपाने मल्लय्या आला व त्याने खावयास मागितले. बालक घरून अन्न आणावयास गेला, परतला तो अतिथी नाहीसा. त्याचा शोध घेत हा मुलगा श्रीशैलापर्यंत गेला. तेथेही भेट होईना, तेव्हा कड्यावरून देह झोकून देण्यास सिद्ध झाला. त्या क्षणी मल्लिकार्जुनाने त्यास आवरले आणि आपल्या गावी परत जाऊन तेथेच श्रीशैल उभे कर, अशी आज्ञा केली. सोन्नलगीला ‘अभिनव श्रीशैल’ म्हणतात ते यामुळे.

ही आज्ञा सिद्धरामांनी कशी पाळली, याचे उत्तर आपल्या समोरच्या पाण्यात आहे. देवालये त्यांनी उभारलीच, पण या कोरड्या मुलखात त्यांनी सहस्रावधी माणसांच्या हातांनी तळे खोदविले. शरणांच्या विचारात कायक, म्हणजे श्रम, हीच उपासना आहे. या तळ्यासंबंधी एक कथा शरण वाङ्मयात आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीस आले तेव्हा खोदकाम चालू होते. ‘तुमचा तो माती उपसणारा गवंडी कोठे आहे?’ असे त्यांनी मजुरांना विचारले. गुरूंचा अपमान झाला असे वाटून मजुरांनी त्यांच्यावर दगडांचा वर्षाव केला, पण अल्लमांना त्याची बाधा झाली नाही. पुढे गुरु-शिष्यासारखा संवाद झाला आणि सिद्धराम अल्लमांसमवेत कल्याणास गेले. तेथील शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू व चन्नबसवेश्वर यांच्यानंतर ते विराजमान झाले. दगड मारणाऱ्यांची भक्ती खरी होती, तिला केवळ विवेकाची जोड नव्हती. या कथेचे मला पुढे आणखी एकदा स्मरण करावे लागणार आहे.

मंदिराच्या प्रांगणात सिद्धरामेश्वरांची योगसमाधी आहे. तेथे शांतपणे बसावे. जवळच संमती कट्टा आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास पाच दिवस चालणाऱ्या गड्डा यात्रेत याच कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. नित्य सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरली. विरक्त सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, आणि विवाहानंतर तिने होमात देह अर्पण केला, अशी आख्यायिका आहे. होम जेथे होतो ते होम मैदान मंदिराच्या शेजारीच आहे. एरवी तेथे मुले क्रिकेट खेळताना दिसतील, त्यामुळे ते दाखविल्यावाचून लक्षात येत नाही.

यात्रेचा पहिला दिवस यण्णीमज्जनाचा. कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. या दिवशी नंदीध्वजांच्या सात काठ्या, ज्या गावातील निरनिराळ्या समाजांच्या मानाच्या आहेत, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी निघतात. शुभ्र बाराबंदी घातलेला एकच भक्त ती उंच व अवजड काठी तोलून धरतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते. त्यानंतर अनुक्रमे अक्षता, होम, शोभेचे दारूकाम आणि कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांचे वस्त्रविसर्जन. यात्रेत येणे झाले तर उत्तमच. परंतु शहर पाहावयाचे असेल तर यात्रेचे दिवस टाळावेत, हे मी अनुभवाने सांगतो. त्या गर्दीत काठ्याच दिसतात, लिंगे दिसत नाहीत.

मंदिरातून निघाल्यावर तलावाकाठचाच भुईकोट किल्ला पाहावा. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. बहामनी काळात उभा राहिलेला, खंदक व दुहेरी तटबंदीचा हा किल्ला दीर्घकाळ विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातील कलहाचे कारण होता. राजकन्यांच्या विवाहात तो आंदण म्हणून ठरावयाचा आणि त्यावरूनच पुन्हा लढाया व्हावयाच्या. चांदबिबीच्या विवाहातही सोलापूरच दिले गेले. मे १८१८ मध्ये तो इंग्रजांनी पेशव्यांकडून घेतला. मार्गदर्शक येथे बुरुजासाठी दिलेल्या नरबळीची कथा रंगवून सांगतो. तशी कथा महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांविषयी सांगतात; ऐकून घ्यावी आणि पुढे चालावे.

त्यापेक्षा तटाच्या दगडांकडे लक्ष द्यावे. कोरीव मूर्तींचे व नक्षीचे दगड साध्या दगडांच्या रांगेत बसविलेले आढळतील. ते जुन्या देवालयांचे आहेत. किल्ल्याच्या आत उत्खननात निघालेले मंदिराचे अवशेषही आहेत, आणि बत्तीस खांबांची मशीदही आहे. काही यात्रेकरू येथे येऊन अस्वस्थ होतात, काही रागावतात. माझे सांगणे इतकेच, की रागाने दगड वाचता येत नाहीत. सोबतचा जाणकार चांगला असेल तर या तीन-चारशे पावलांच्या फेरीत तो आपल्याला सहा-सातशे वर्षे दाखवू शकतो. मी स्वतः येथे प्रत्येक वेळी दोन तासांहून अधिक रमलो आहे.

आता अडुसष्ट लिंगांविषयी, ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला. मल्लिकार्जुनाच्या आज्ञेप्रमाणे सिद्धरामांनी सोन्नलगीच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे, तसेच अष्टविनायक व अष्टभैरव यांची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे. अडुसष्ट तीर्थांचे पुण्य आपल्या गावातच, घर न सोडता, ज्याला दूरचा प्रवास परवडत नाही त्यालाही मिळावे, हा त्यामागील भाव. त्या काळी ही स्थाने शेतांत, ओढ्याकाठी, वेशीबाहेर असतील. आज शहर त्यांच्यावरून पुढे गेले आहे. काही पिंडी बोळात आहेत, काही झाडाच्या पारावर, काही दुकानांच्या ओळीत दोन भिंतींमध्ये. सर्व अडुसष्ट एका दिवसात पायी करणे यात्रेच्या मानकऱ्यांनाच साधते. आपण सात-आठ पाहावीत, पण चालत पाहावीत. उत्तर कसबा व बाळीवेस या जुन्या भागांत गाडी शिरतच नाही, हे एका अर्थी बरेच आहे. कसब्यातून फिरताना एका ओसरीवर कन्नड, दुसरीवर मराठी आणि पुढे विणकर वस्तीकडे वळलात तर तेलुगू कानी पडेल. सिद्धरामांची वचने ज्या भाषेत आहेत ती भाषा या गल्ल्यांतून अजून घरात बोलली जाते.

येथे मला एक गोष्ट सांगावयाची आहे. फार वर्षांपूर्वी एका लहानशा देवळाच्या जीर्णोद्धाराच्या कामात कारकून म्हणून माझा सहभाग होता. एका सद्गृहस्थाने आईच्या स्मरणार्थ उदार हस्ते देणगी दिली होती. भिंतींना चकचकीत फरशी बसली, उंबरठ्यास ग्रॅनाइट आले, आणि दाराजवळच्या एका काळ्या दगडास दोन हात ऑइल पेंट लावण्यात आला. त्या दगडावर जुन्या कन्नड वळणाची काही अक्षरे होती. ती झिजलेली होती, म्हणून कोणास त्यांचे महत्त्व वाटले नाही. रंगाऱ्याच्या बिलावर माझी सही आहे. पुढे एक अभ्यासक ते अक्षर पाहावयास आले तेव्हा मी त्यांना रंगाचा थर दाखविला. ते काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहिला आणि चहा न घेता गेले. अल्लमप्रभूंवर दगड टाकणाऱ्या मजुरांची कथा मला त्या दिवसापासून वेगळी वाटू लागली.

म्हणून देणगीदारांस नम्र विनंती. जुन्या स्थानास काही द्यावयाचे असेल तर फरशी व नामफलक यांआधी पुढील गोष्टींचा विचार करावा : पाणी निचरण्याची सोय, पाराची डागडुजी, दिवाबत्ती, झाडलोट करणाऱ्या माणसाचे मानधन. कोरीव वा अक्षरे असलेल्या दगडास रंग, सिमेंट, शेंदूर लावू देऊ नये. आधी त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून जाणकारांस दाखवावे. तलावाच्या बाबतीतही तेच. निर्माल्य पाण्यात सोडल्याने पुण्य लागते असे सिद्धरामांच्या कोणत्याही वचनात मी वाचलेले नाही. ज्याने तळे खोदले त्याच्या पाण्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकू नये, हे कळण्यास वचन वाचण्याचीही गरज नाही.

दुपारच्या भोजनात कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून घ्यावी. नंतरचा वेळ अर्वाचीन सोलापुरास द्यावा. १८७७ साली सुरू झालेल्या गिरणीने हे कापडाचे शहर बनविले. महानगरपालिकेचे कार्यालय असलेली वारद कुटुंबाची इंद्रभुवन ही वास्तू बाहेरूनही सुंदर दिसते. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ साली निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथलेच. त्यांचे स्मारक पाहता येते. आणि हुतात्मा चौक चुकवू नये. मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, सोलापूरकरांनी शहराचा कारभार काही दिवस आपल्या हाती घेतला. त्यानंतर १२ मे ते ३० जूनपर्यंत येथे मार्शल लॉ जारी होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. त्यांचा स्मृतिदिन दरवर्षी यात्रेच्या तोंडावरच येतो, आणि नंदीध्वजांसाठी जमणारे अनेकजण त्या चौकात आधी फुले वाहतात.

दुसरा दिवस मोकळा असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे जावे. अंतर सुमारे ४० किलोमीटर. भीमा व सीना यांच्या संगमावरील या प्राचीन देवालयांच्या परिसरात १९९९ साली अनेक मुखे कोरलेले विलक्षण शिवलिंग सापडले. मुखांची संख्या ३५९ आहे. तेथील शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे तो अभ्यासकांपुढे आला. जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा त्यातील मराठी ओळीचा आशय आहे. अक्षरे तुळईवर आहेत आणि आत अंधार असतो, म्हणून सोबत विजेरी न्यावी. वर पाहताना मान दुखते, सावकाश वाचावे. बोटांनी अक्षरे चाचपू नयेत. पावसाळ्यात संगमाचे पाणी चढते, त्यावेळी गावात चौकशी करूनच पुढे जावे, आणि परतताना उशीर झाला तरी सायंआरतीस सिद्धेश्वरांच्या तलावाकाठी पोहोचता येईल अशा बेताने दुपारी तीनच्या आत निघावे.